सम्राट अशोक आणि मुक्या जीवांचा कायदा



मुळशी तालुक्यातून कोकणात उतरणाऱ्या ताम्हिणी घाटातील रान २०१३ साली वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सरहद्दीवरच्या या रानात शेकरू आहे, भेकर आहे, बिबट्या आहे, खवले मांजर आहे. या डोंगरांच्या कुशीत आपलीही घरे आहेत. कोणाच्या आजोबांनी दीक्षा घेतली, कोणी अगदी अलीकडे घेतली. या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो.

सरकारला जनावरांचा एवढा कळवळा कशासाठी? रानडुक्कर एका रात्रीत भाताचे खाचर उलथून टाकते, बिबट्या दारातली शेळी उचलतो, आणि आपण हात उगारला तर गुन्हा आपल्यावर. ज्या देशात माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी एवढा लढा द्यावा लागला, तेथे सशा-घोरपडीसाठी कायदा का असावा?

हा प्रश्न झिडकारण्यासारखा नाही. वरून आलेला हुकूम म्हणजे काय, हे मुळशीच्या माणसाला चांगले ठाऊक आहे. टाटांच्या धरणासाठी येथल्या जमिनी घेतल्या गेल्या, १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, आणि तरीही गावे पाण्याखाली गेली. तेव्हा रानाच्या नावाने आलेल्या कायद्याबद्दल मनात शंका येणे साहजिक आहे.

परंतु हा कायदा आपल्याला परका नाही. मुक्या जीवांना राजाज्ञेने अभय देणारा आणि ती आज्ञा दगडावर कोरून ठेवणारा राजा याच भूमीवर होऊन गेला, आणि तो भगवान बुद्धांचा उपासक होता. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्या सम्राट अशोकाचे चरित्र तुम्ही थोडेफार ऐकले असेल. आज ते या एका अंगाने ऐका.

राजपुत्र अशोक

मगध देशाची राजधानी पाटलीपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. चंद्रगुप्त मौर्याने तेथे मोठे साम्राज्य उभे केले. त्याचा मुलगा बिंदुसार आणि बिंदुसाराचा मुलगा अशोक. सिंहलद्वीपाच्या परंपरेप्रमाणे तरुणपणी अशोकाला उज्जैनचा कारभार पाहण्यास पाठवले होते. वाटेत विदिशा नगरीत एका व्यापाऱ्याच्या देवी नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढे धम्म घेऊन सिंहलद्वीपाला गेलेले महेंद्र आणि संघमित्रा ही त्यांचीच मुले, असे ती परंपरा सांगते.

इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास अशोकाला राज्याभिषेक झाला. गादीसाठी त्याने आपले नव्याण्णव भाऊ मारले अशी एक कथा आहे. पण त्याच्याच शिलालेखांत, पुढे कित्येक वर्षांनंतर, भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख येतो. तेव्हा ही कथा जशीच्या तशी खरी मानता येत नाही. मात्र तो सुरुवातीपासून दयाळू होता असेही समजू नका. तो इतर राजांसारखाच राजा होता, आणि म्हणूनच त्याचे बदलणे मोलाचे आहे.

त्या काळी राजाची शिकार कशी चाले? चंद्रगुप्ताच्या दरबारी मेगॅस्थेनिस नावाचा ग्रीक वकील होता. त्याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. राजाभोवती शस्त्रधारी स्त्रियांचे कडे असे, ढोल वाजत आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेले असत. तो दोर ओलांडून आत येणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. हा राजाचा खेळ होता, त्यात पोटासाठी मारणे नव्हते. आपल्याकडेही संस्थानिक आणि गोरे साहेब अशीच शिकार करीत. रान उठवायला, हाका घालायला गावचा गरीब माणूस जाई, आणि कातडे साहेबाच्या भिंतीवर लागे. या इतिहासाची आठवण ठेवा, कारण पुढे अशोकाने पहिला घाव याच खेळावर घातला.

कलिंग आणि त्यानंतर

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंग देश, म्हणजे आजच्या ओडिशाचा भाग, जिंकला. त्याने स्वतःच कोरवलेल्या लेखात आकडे दिले आहेत. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेला राजा आपल्या विजयाचे स्तंभ उभारतो. अशोकाने आपला पश्चात्ताप दगडावर कोरला आणि तो राज्यात अनेक ठिकाणी लावला. यापुढे धम्माने मिळवलेला विजय हाच खरा विजय, असे त्याने जाहीर केले.

दहाव्या वर्षी तो संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला. आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत आणि त्यांत शिकार व तसलीच मौज चाले. आपण ते सोडून धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना मदत करणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माबद्दल बोलणे हा तिचा हेतू होता. शिकारीसाठी रानात जाणारा राजा आता लोकांना भेटायला गावात जाऊ लागला.

आता लक्ष द्या. या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात सापडला आहे. मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याला पूर्वी शूर्पारक म्हणत. ते मोठे बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना हा तुकडा मिळाला. त्याच परिसरातील भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरला धम्मचक्र पुन्हा फिरले त्याच वर्षी. शिकार सोडल्याची राजाची ग्वाही आपल्या किनाऱ्यावर दोन हजारांहून अधिक वर्षे पडून होती.

राजाच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात

अशोकाने लोकांना शिकवण्याआधी आपल्या घराकडे पाहिले. पहिल्या शिलालेखात तो कबूल करतो की राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. तो आपली राहिलेली उणीव लपवत नाही. एका दिवसात सर्व सुटले असे भासवत नाही. नवदीक्षित माणसाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता? आपल्याही घरात जुन्या गोष्टी एकदम सुटत नाहीत. आज काय सुटले आणि उद्या काय सोडायचे, एवढे प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे.

दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचाराची सोय केल्याचे लिहिले आहे. औषधी झाडे लावली, रस्त्यांवर विहिरी खणल्या, माणसांना आणि पशूंना सावली मिळावी म्हणून वृक्ष लावले. माणूस आधी की जनावर आधी, हा वाद त्याने घातला नाही. एकाच आज्ञेत त्याने दोघांनाही सामावून घेतले.

अफगाणिस्तानातील कंदाहार येथे १९५८ साली त्याचा ग्रीक आणि अरमाइक भाषांतील लेख सापडला. त्यावरून कळते की राजाच्या शिकाऱ्यांनी आणि मासे पकडणाऱ्यांनीही आपला धंदा सोडला होता. कायद्याची पहिली झळ राजाने स्वतःला लावून घेतली, मग आपल्या नोकरांना, आणि त्यानंतर प्रजेला.

सव्विसाव्या वर्षाची आज्ञा

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने जी आज्ञा काढली ती पाचव्या स्तंभलेखात आहे. आजच्या वन्यजीव कायद्याच्या यादीसारखी एक यादीच त्यात आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, रानातली आणि गावातली कबुतरे, काही जातींचे मासे. हे जीव अवध्य, म्हणजे मारायचे नाहीत. काही नावांच्या अर्थाबद्दल पंडितांत अजून मतभेद आहेत. त्यांतील एका नावाचा अर्थ काही अभ्यासक झाडावर राहणारी खार असा लावतात. तो बरोबर असेल, तर ताम्हिणीच्या झाडांवर उड्या मारणाऱ्या आपल्या शेकराच्या भाऊबंदांना त्या काळीच अभय मिळाले होते. शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

यादीच्या शेवटी अशोक एक नियम सांगतो. जी चतुष्पाद जनावरे कोणाच्या उपयोगाला येत नाहीत आणि खाल्लीही जात नाहीत, ती सर्व अवध्य. यावर विचार करा. उपयोगाच्या बैलाला मालक असतो, दुभत्या म्हशीला मालक असतो. ज्याचा कोणाला उपयोग नाही त्याची बाजू घेणारा कोणी नसतो. अशा जिवाला अशोकाने कायद्याचा आधार दिला. तुझा उपयोग काय, असा प्रश्न त्याला विचारला नाही.

आज्ञेतील बारकावे पाहा. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये. सहा महिन्यांच्या आतील पिल्लू मारू नये. कोंबड्यांना खच्ची करू नये. ज्या भुशात जीव आहेत तो भुसा जाळू नये. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी रानाला आग लावू नये. एक जीव दुसऱ्या जिवाला खायला घालू नये. ठराविक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत. त्या दिवशी हत्तींच्या राखीव रानात आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यातही कोणता जीव मारू नये.

त्याने सर्व मांसाहार बंद केला नाही, हेही तुमच्या लक्षात आले असेल. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ सालच्या ग्रंथात अशोकाचे हे लेख तपासले आहेत, आणि त्यांत गोवधबंदीचा खास कायदा नाही हे दाखवले आहे. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही त्यांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांतला फरक समजावून सांगितला आहे. तेव्हा ताटात काय आहे यावरून माणसाला उच्च-नीच ठरवण्याशी या कायद्याचा संबंध नाही. मौजेसाठी, लोभासाठी, बेपर्वाईने जीव घेऊ नये, आणि जो जीव संपत चालला आहे त्याला जगू द्यावे, एवढीच त्याची मागणी आहे.

नियम आणि मन वळवणे

पुढच्याच वर्षी, सातव्या स्तंभलेखात, अशोकाने आपल्या साऱ्या कामाचा हिशेब मांडला. हा लेख दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यातील स्तंभावर आजही उभा आहे. पाचवा लेखही त्याच स्तंभावर आहे. अशोक म्हणतो की धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली, नियमांनी आणि मन वळवण्याने. नियमांचे उदाहरण म्हणून तो प्राण्यांना अवध्य ठरवल्याचेच देतो. आणि मग सांगतो की नियमांनी थोडे साधते, मन वळवण्याने पुष्कळ साधते. सत्ता हाती असलेला माणूस हे लिहितो हे ध्यानात घ्या. तरीही त्याने नियम मागे घेतला नाही. मन वळेपर्यंत जीव वाचला पाहिजे, त्यासाठी नियम हवा.

इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास अशोकाचे निधन झाले. शेवटी त्याच्याजवळ अर्धा आवळा उरला होता आणि तोही त्याने संघाला दिला, अशी एक कथा बौद्ध वाङ्मयात आहे. त्यानंतर पन्नासएक वर्षांत मौर्यांचे राज्य गेले. पुढे त्याची लिपीही लोक विसरले. डोळ्यांसमोर स्तंभ उभे होते, पण ते वाचणारा कोणी नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, तेव्हा अशोक पुन्हा बोलू लागला. कायदा दगडावर कोरला तरी तो वाचणारी माणसे उरली नाहीत, तर तो मुका होतो.

आजचा कायदा

भारताने २२ जुलै १९४७ रोजी अशोकाचे चक्र राष्ट्रध्वजावर घेतले आणि १९५० साली त्याचे सिंह राजमुद्रा म्हणून स्वीकारले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले, आणि जीवमात्राबद्दल करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. आपण घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे.

या कायद्यात शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. फास लावणे, विष घालणे, पकडणे, अंडी आणि घरटी मोडणे हेही शिकारीत येते. बिबट्या किंवा खवले मांजर मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५,००० रुपये दंड आहे.

पण कायदा माणसावर उलटलेला नाही. जीव वाचवण्यासाठी नाइलाजाने जनावर मारले गेले तर तो गुन्हा होत नाही. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या जनावराला पकडण्याचा, दुसरा मार्ग नसेल तर मारण्याचाही हुकूम मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. पीक गेले, जनावर गेले, माणूस दगावला तर सरकारकडून भरपाई मिळते. तिच्यासाठी वेळेत अर्ज आणि पंचनामा करून घ्या. आपली मुले शिकली आहेत, हे काम त्यांना सांगा. आपल्या जिल्ह्यात जुन्नर-शिरूरकडे बिबट्याने माणसे मारली आहेत, लहान मुलेही मारली आहेत. त्या घरांचा आक्रोश खरा आहे. त्यावर उपाय त्वरित व्हावा, भरपाई वेळेवर मिळावी, हे आपण ठणकावून मागितले पाहिजे. पण त्यासाठी साऱ्या जातीवरचे संरक्षणच काढून टाका, ही मागणी वेगळी. तिचा फायदा शेळी गमावलेल्या बाईला मिळणार नाही, कातड्याच्या व्यापाऱ्याला मिळेल.

अशोकाच्या राज्यातही सारे निर्दोष नव्हते. कलिंगाच्या लेखात त्याने रानातल्या लोकांना समजावले, आणि त्याबरोबर आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून दिली. राज्य बलवान असते आणि रानाजवळ राहणारा दुबळा असतो. म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदाही आपल्याला माहीत हवा. रानाचे रक्षण आणि रानाजवळच्या माणसाचा हक्क, दोन्हींसाठी आपण उभे राहिले पाहिजे.

आपल्या घरात काय करावे

खवले मांजराकडे पाहा. ते वाळवी आणि मुंग्या खाऊन जगते, भ्याले की अंगाचे वेटोळे करते, आणि मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. त्याच्या खवल्यांसाठी परमुलखात पैसा मिळतो. २०१६ साली राष्ट्रांनी त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे ठरवले, तरी चोरटा धंदा चालतोच. दलाल गावात येतो, बेकार पोराला थोड्या पैशांची लालूच दाखवतो. पकडला जातो तो पोरगा. दलाल सुटतो. आई-बापांनो, असा माणूस वस्तीवर आला तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि वनखात्याला कळवा.

डुकरासाठी तारेचा फास लावू नका, तारेत वीज तर कधीच सोडू नका. त्यात बिबट्या अडकतो, आणि अंधारात शेतावर गेलेला आपला माणूसही मरतो.

वणवा लावू नका. शेतात राब भाजणे याला कारण आहे, ते जपून करता येते. पण चांगले गवत यावे म्हणून किंवा ससा बाहेर पडावा म्हणून डोंगर पेटवला की अंडी, पिल्ले, सरडे, कासवे सारे जळते. अशोकाने विनाकारण आणि जीव मारण्यासाठी लावलेली आग वेगळी काढून मना केली होती, आणि आजही अभयारण्यात आग लावणे गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. मुळशीत जुन्या देवराया आहेत. तेथल्या काठीला देवाच्या भीतीने कोणी हात लावत नसे. आपण त्या देवाची भीती सोडली, हे योग्यच केले. पण भीती गेली म्हणून कुऱ्हाड चालवावी काय? अशोकाच्या आज्ञेत देवाचा कोप कोठेच नाही. तेथे आहे ती करुणा आणि विचारपूर्वक केलेला नियम. शेजाऱ्याने देवाला भिऊन राखलेले झाड आपण समजून राखावे. धम्म स्वीकारल्याने आपल्यात काय बदलले, हे गाव अशाच गोष्टींवरून पाहत असते.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा मुलांना अशोकाची ती यादी सांगा. पोपट, मैना, वटवाघूळ, साळिंदर, यांतले कोणकोण त्यांनी पाहिले आहे ते विचारा. रुपयाच्या नाण्यावरचे सिंह त्यांना दाखवा आणि ते कोणाच्या स्तंभावरचे आहेत ते सांगा. मग वस्तीवरच्या सर्व घरांनी मिळून ठरवा की यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या बाजूचा डोंगर पेटणार नाही.